एका खटल्याचे टिळक

टिळक म्हटलं की आपल्याला शेंगांच्या टरफलांची गोष्ट आठवते आणि गाडी तिथेच थांबते. पुढचे टिळक भेटायचे असतील तर भवानी पेठेतून थेट स्टेशन गाठा, रात्रीची सिद्धेश्वर पकडा आणि सकाळी सीएसएमटीहून चालत मुंबई हायकोर्टात जा. १८७८ साली पूर्ण झालेल्या या दगडी इमारतीत कोर्ट आजही चालतं आणि २०१५ पासून संग्रहालयही आहे. पण खरं थबकायला होतं ते सेंट्रल कोर्टाच्या दारात.

टिळकांचा जन्म १८५६ चा, रत्नागिरीचा. कायद्याची पदवी घेतली, पण वकिलीत न शिरता मित्रांबरोबर शाळा काढली, मग ‘केसरी’. १८९७ मध्ये राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली. त्या खटल्यात त्यांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील होते दिनशा दावर.

१९०८ मध्ये मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर ‘केसरी’त अग्रलेख आले आणि पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. न्यायाधीशाच्या खुर्चीत आता दावरच होते! बॅरिस्टर जिनांनी मागितलेला जामीन त्यांनी नाकारला. ज्युरीत सात युरोपियन, दोन पारशी. लेख मराठीत, आणि फैसला होणार इंग्रजी भाषांतरावर. टिळकांनी स्वतःच बाजू मांडली. एकवीस तासांहून जास्त बोलले, भाषांतरात मूळ शब्दांचा अर्थ कसा बदललाय ते दाखवत राहिले. २२ जुलैच्या रात्री निकाल लागला: सात विरुद्ध दोन, दोषी. शिक्षा सहा वर्षं हद्दपारीची. दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस.

मंडालेच्या तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं. तिथे असतानाच, १९१२ मध्ये, इकडे पत्नी सत्यभामाबाई गेल्या. १९१४ मध्ये ते सुटले. १९१६ मध्ये भाषणांवरून पुन्हा कारवाई झाली, तेव्हा मात्र याच हायकोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला. १९२० मध्ये मुंबईतच त्यांचं निधन झालं.

१९०८ च्या निकालानंतर टिळक जे बोलले, ते आज सेंट्रल कोर्टाबाहेरच्या फलकावर कोरलेलं आहे. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांनी त्याचं अनावरण केलं. ज्या कोर्टाने शिक्षा दिली, त्याच कोर्टाने ती चूक होती हे भिंतीवर मान्य केलं, पण अठ्ठेचाळीस वर्षांनी.

आपण रोज आपल्या भाषेत काही ना काही लिहितो. ते न वाचता येणाऱ्यांनी त्यावरून आपल्याला दोषी ठरवलं तर? जाल तेव्हा मोबाइल खिशात ठेवा आणि तो फलक नीट वाचा.