लिलियन गिलब्रेथ

लिलियन एव्हलिन मोलर गिलब्रेथ (जन्म : २४ मे, इ.स. १८७८, ओकलंड, कॅलिफोर्निया. मृत्यू : २ जानेवारी, इ.स. १९७२, फिनिक्स, ॲरिझोना) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, औद्योगिक अभियंत्या व लेखिका होत्या. पती फ्रँक गिलब्रेथ यांच्यासह त्यांनी गती-अभ्यास, म्हणजे काम करताना शरीराच्या होणाऱ्या हालचालींचे शास्त्रीय मोजमाप, ही पद्धत विकसित केली. पुढे तीच पद्धत त्यांनी स्वयंपाकघरात नेली. ओट्याची उंची, कपाटांची जागा आणि शेगडी, सिंक व शीतकपाट यांतील अंतर या गोष्टी सवयीने किंवा सुताराच्या सोयीने ठरू नयेत, त्या तिथे काम करणाऱ्या व्यक्तीच्या मापांवरून काढाव्यात, हा विचार त्यांनी प्रत्यक्ष प्रयोगांतून मांडला. आज संगणकावर स्वयंपाकघराच्या कपाटांची प्राचलाधारित (पॅरामेट्रिक) रचना शिकणारे विद्यार्थी ज्या तत्त्वाने काम करतात, त्याच्याशी या विचाराचे जवळचे नाते आहे.

बालपण व शिक्षण

लिलियन यांचा जन्म जर्मन वंशाच्या सधन कुटुंबात झाला. जिवंत राहिलेल्या भावंडांत त्या सर्वांत थोरल्या होत्या. स्वभावाने अतिशय बुजऱ्या असल्याने नऊ वर्षांच्या होईपर्यंत त्यांचे शिक्षण घरीच झाले. मुलीने महाविद्यालयात जावे हे वडिलांना फारसे मान्य नव्हते, तरी त्यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळवला. १९०० साली त्या इंग्रजी साहित्य घेऊन पदवीधर झाल्या आणि त्या विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात भाषण करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पदव्युत्तर शिक्षणासाठी त्या न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या होत्या, परंतु आजारपणामुळे परत आल्या. १९०२ साली बर्कलीतूनच त्यांनी नाटककार बेन जॉन्सन याच्या नाटकावर प्रबंध लिहून पदव्युत्तर पदवी घेतली. पुढे अभियंत्या म्हणून नावाजलेल्या या विदुषीचे पहिले प्रेम साहित्य होते, हे सहसा विसरले जाते.

विवाह आणि गती-अभ्यास

१९ ऑक्टोबर १९०४ रोजी त्यांचा विवाह फ्रँक बंकर गिलब्रेथ यांच्याशी झाला. फ्रँक यांनी गवंडीकामापासून सुरुवात करून बांधकाम कंत्राटदार म्हणून नाव कमावले होते. महाविद्यालयीन शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. उमेदवारी करताना त्यांच्या लक्षात आले होते की प्रत्येक गवंडी वीट वेगळ्या रीतीने रचतो आणि एका विटेसाठी जवळपास १८ हालचाली करतो. त्या त्यांनी पाचाच्या आसपास आणल्या. त्यासाठी त्यांनी भिंतीबरोबर वर सरकवता येणारी परांची बनवली. विटा आणि चुना गवंड्याच्या हाताच्या उंचीवर राहू लागल्याने दर विटेला कंबरेत वाकणे बंद झाले. कामाची पातळी माणसाच्या शरीराप्रमाणे बदलायची, ही कल्पना लिलियन यांना पतीच्या या परांचीत तयारच मिळाली होती.

कारखान्यातील कामाचे चित्रीकरण करून, चौकटीत घड्याळ ठेवून, दोघांनी हालचालींचे पृथक्करण केले. शोधणे, पकडणे, नेणे, ठेवणे, थांबणे अशा मूळ घटकांना त्यांनी ‘थर्ब्लिग’ हे नाव दिले. ते गिलब्रेथ या आडनावातील अक्षरे जवळजवळ उलटी लावून बनवलेले आहे. फ्रँक यंत्रे व हालचाली पाहत, तर लिलियन कामगाराचा थकवा, कंटाळा आणि समाधान यांचा विचार करीत. फ्रेडरिक टेलर यांच्या अनुयायांचा भर कामाला लागणाऱ्या वेळावर होता. गिलब्रेथ दांपत्याने त्यात माणूस आणला, आणि याचे मोठे श्रेय लिलियन यांच्या मानसशास्त्राच्या अभ्यासाला जाते.

त्यांचा ‘द सायकॉलॉजी ऑफ मॅनेजमेंट’ हा ग्रंथ मुळात डॉक्टरेटसाठी लिहिलेला प्रबंध होता. विद्यापीठाच्या परिसरात राहण्याची अट पूर्ण न झाल्याने बर्कलीने पदवी दिली नाही. १९१४ साली तो पुस्तकरूपाने आला तेव्हा लेखक स्त्री आहे हे कळू नये म्हणून मुखपृष्ठावर केवळ नावाची आद्याक्षरे छापली गेली. १९१५ साली त्यांनी ब्राउन विद्यापीठातून, शिक्षकांच्या कामातील अपव्यय या विषयावर दुसरा प्रबंध लिहून, डॉक्टरेट मिळवली. या काळात घरात मुलांची संख्या वाढत होती. त्यांना एकूण १२ मुले झाली. मेरी ही मुलगी १९१२ साली घटसर्पाने लहानपणीच वारली.

पतीचे निधन

१४ जून १९२४ रोजी फ्रँक यांचे हृदयविकाराने अकस्मात निधन झाले. त्या वेळी ११ मुले घरात होती आणि धाकटी जेमतेम दोन वर्षांची होती. युरोपातील परिषदांसाठी दोघांनी जाण्याचे ठरलेले होते. अंत्यविधीनंतर काही दिवसांतच लिलियन एकट्या बोटीने निघाल्या, आणि लंडनची जागतिक ऊर्जा परिषद व प्राग येथील पहिली आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन परिषद यांत त्यांनी पतीच्या जागी भाग घेतला.

परतल्यावर त्यांना निराळ्याच अडचणीला तोंड द्यावे लागले. दोघांच्या संस्थेशी करार असलेल्या बहुतेक कंपन्यांनी ते पुढे चालू ठेवले नाहीत. डॉक्टरेट, ग्रंथ आणि वीस वर्षांचा अनुभव गाठीशी असूनही कारखान्याच्या कामासाठी स्त्री सल्लागार कोणाला नको होती. तेव्हा त्यांनी घरीच व्यवस्थापनाचे वर्ग सुरू केले आणि स्त्रीचे क्षेत्र म्हणून जिथे त्यांचा अधिकार कोणी नाकारणार नाही, त्या घरकामाकडे आपले शास्त्र वळवले. न्यू यॉर्कच्या मेसीज या भांडारातील विक्रेत्या, जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीसाठी स्त्रियांच्या गरजांची पाहणी, आणि ‘द होम-मेकर अँड हर जॉब’ (१९२७) हे पुस्तक ही त्या वर्षांतील कामे होत. स्वयंपाकघरापर्यंत त्या अशा रीतीने पोहोचल्या. स्वतः त्यांना स्वयंपाकाची विशेष गोडी नव्हती.

स्वयंपाकघराची रचना

१९२९ साली ब्रुकलिन बरो गॅस कंपनीसाठी त्यांनी ‘किचन प्रॅक्टिकल’ या नावाचे नमुना स्वयंपाकघर तयार केले. ते त्याच वर्षी न्यू यॉर्क येथे स्त्रियांसाठी भरलेल्या प्रदर्शनात मांडले गेले. गॅसची उपकरणे खपवणे हा कंपनीचा उद्देश उघड होता. लिलियन यांनी त्या निमित्ताने प्रयोग करून घेतला. तोपर्यंतच्या अमेरिकन घरांत सिंक एका भिंतीला, शेगडी दुसरीकडे, मध्ये टेबल आणि भांड्यांचे फडताळ आणखी कुठे तरी, अशी पांगापांग असे. त्यांनी शेगडी आणि ओटा शेजारी आणले. शिधा ओट्याच्या वर, पातेली खाली आणि शीतकपाट एका पावलावर ठेवले. शिवाय चाकांची एक छोटी गाडी दिली. ती ओढून घेतली की कामाला आणखी जागा मिळे आणि जेवणाची भांडी एकाच खेपेत धुण्यापर्यंत नेता येत.

रचनेची परीक्षा स्ट्रॉबेरीचा केक करून घेतली गेली. तोच पदार्थ जुन्या मांडणीत आणि नव्या मांडणीत बनवला असता कामातील क्रियांची संख्या ९७ वरून ६४ वर आली आणि चाललेली पावले २८१ वरून ४५ वर. दोन्ही मांडण्यांत उपकरणे सारखीच असल्याने ही बचत केवळ जागा बदलल्याने झाली, हे या प्रयोगाचे महत्त्व आहे.

पावलांइतकेच लक्ष त्यांनी उंचीकडे दिले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीसाठी काम करताना त्यांनी ४,००० हून अधिक स्त्रियांकडून माहिती घेऊन शेगडी, सिंक इत्यादींच्या योग्य उंचीचा शोध घेतला. कामाचा पृष्ठभाग काम करणारीच्या उंचीला जुळलेला हवा आणि निरनिराळ्या घरांत तो निरनिराळा असू शकतो, असे त्यांचे मत होते. येथे त्यांचा आणि कपाटे बनवणाऱ्या उद्योगाचा मार्ग वेगळा झाला. १९३० व १९४० च्या दशकांत भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग ओटा रूढ झाला. कारखान्यात एकसारखी कपाटे काढायची तर उंचीही एकच हवी, म्हणून अमेरिकेत ३६ इंच (सुमारे ९१ सेंमी) हे माप पक्के झाले. पावले वाचवण्याचा धडा उद्योगाने उचलला, उंचीचा मात्र सोडून दिला. बुटक्या स्त्रीने खांदे उचलून आणि उंच माणसाने पाठ वाकवून काम करायचे, हे त्यातून आपोआप ठरून गेले. शेगडी, सिंक व शीतकपाट यांना जोडणारा ‘कार्यत्रिकोण’ इलिनॉय विद्यापीठातील गृहरचना संशोधकांनी १९४० च्या दशकात नियमबद्ध केला. त्याचे मूळ गिलब्रेथ यांच्या मांडणीत शोधले जाते.

पायाने उघडणारी कचरापेटी आणि शीतकपाटाच्या दारातील खण यांचे श्रेयही त्यांना दिले जाते. लोकप्रिय लेखनात त्यांची ओळख बहुधा एवढ्यावरच थांबते, हे त्यांच्या कामाच्या मानाने फार थोडे आहे.

अपंगांसाठी कार्य

पहिल्या महायुद्धानंतर जखमी सैनिकांना पुन्हा काम करता यावे यासाठी गिलब्रेथ दांपत्याने अभ्यास केला होता. लिलियन यांनी तो धागा पुन्हा हाती घेतला. १९४४ साली एडना योस्ट यांच्यासह लिहिलेले ‘नॉर्मल लाइव्ह्ज फॉर द डिसेबल्ड’ हे पुस्तक आले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस हृदयरुग्ण स्त्रियांसाठी ‘हार्ट किचन’ हे स्वयंपाकघर त्यांच्या सहभागाने तयार झाले. त्यात बसून काम करता येईल आणि रोजच्या वस्तू वाकल्याशिवाय हाती लागतील, यावर भर होता. एकच ठरीव माप सर्वांना चालत नाही, हे येथे वादाचा विषय राहतच नाही. बसलेल्या व्यक्तीला ३६ इंचांचा ओटा निरुपयोगी असतो.

प्राचलाधारित रचनेशी संबंध

लिलियन यांनी स्वतः संगणकावर रचना केलेली नाही. इव्हान सदरलँड यांचे ‘स्केचपॅड’ १९६३ साली आले, तेव्हा त्या ८५ वर्षांच्या होत्या. आकृतीतील भागांमधील संबंध संगणकाला सांगून ठेवायचे आणि एक भाग बदलला की बाकीचे त्याप्रमाणे बदलायचे, ही या कार्यक्रमाची कल्पना होती. ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्यावसायिक यांत्रिक रचनेत रुळली.

कपाटाच्या बाबतीत याचा अर्थ सोपा आहे. अमेरिकेत प्रचलित असलेल्या ओट्याखालच्या कपाटाची उंची साडेचौतीस इंच असते. वर दीड इंच जाडीची पाटी बसली की ३६ इंच होतात. नवशिका विद्यार्थी हे आकडे थेट आकृतीत भरतो, आणि मग ओटा दोन इंच खाली घ्यायचा म्हटले की प्रत्येक फळी पुन्हा आखावी लागते. प्राचलाधारित रचनेत कोपराची उंची हे पहिले प्राचल ठेवता येते. ओटा त्याहून काही सेंटीमीटर खाली घ्यायचा. ओट्याच्या उंचीतून पाटीची जाडी वजा केली की कपाटाची उंची मिळते. त्यातून पायाजवळच्या खाचेची उंची वजा केली की दाराला उरलेली जागा, आणि तिच्यावरून खणांची संख्या. एक आकडा बदलला की फळ्यांच्या कापणीची यादीही बदलते. मात्र पहिले प्राचल कोणते घ्यायचे हे संगणक सांगत नाही. फळीचे बाजारातले माप घेतले तर लाकूड वाचते, कोपराची उंची घेतली तर पाठ वाचते. गिलब्रेथ यांची निवड दुसरी होती.

उत्तरायुष्य व सन्मान

१९३० च्या मंदीत राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या रोजगारविषयक समितीवर त्यांनी काम केले. १९३५ साली त्या पर्ड्यू विद्यापीठात व्यवस्थापनाच्या प्राध्यापक झाल्या. तेथील अभियांत्रिकी विद्याशाखेतील त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक होत. १९४८ साली निवृत्त झाल्यावरही त्यांची व्याख्याने आणि सल्लागारी बराच काळ सुरू होती. सर्व ११ मुलांना त्यांनी महाविद्यालयीन शिक्षण दिले.

त्यांपैकी फ्रँक व अर्नेस्टाइन या दोघांनी लिहिलेले ‘चीपर बाय द डझन’ (१९४८) हे कौटुंबिक आठवणींचे पुस्तक खूप गाजले आणि १९५० साली त्यावर चित्रपट निघाला. त्यामुळे सर्वसामान्य वाचकांना त्या अभियंत्यापेक्षा बारा मुलांची आई म्हणून अधिक परिचित झाल्या.

१९६५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवड झालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. १९६६ साली हूवर पदक मिळवणाऱ्याही त्या पहिल्याच स्त्री ठरल्या. १९८४ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ ४० सेंटचे तिकीट काढले.