संत जीन जुगान

फ्रान्समधील एका कोळ्याच्या घरी १७९२ साली जीन जुगान यांचा जन्म झाला. घरकाम व इस्पितळात सेवा करून त्या जगल्या. १८३९ च्या हिवाळ्यात त्यांनी एका अंध, लुळ्या वृद्धेला घरी आणून स्वतःची खाट दिली. हे किती कठीण, ते अंथरुणाला खिळलेल्या आजीची उठबस करणाऱ्यांना सांगायला नको. पुढे वृद्धांसाठी त्या टोपली घेऊन दारोदार फिरल्या. त्यातून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. अंधेरीलाही त्यांचा वृद्धाश्रम आहे. १८४३ मध्ये आम्हा धर्मगुरूंपैकीच एकाने जीन यांचे प्रमुखपद काढून घेतले. आम्हाला हा अन्यायच वाटतो. २००९ मध्ये त्यांना संतपद मिळाले. १८७९ मध्ये मात्र त्या वारल्या तेव्हा, ही जवळजवळ अंध म्हातारी आपल्या संघाची संस्थापिका आहे, हे तरुण भगिनींना ठाऊकही नव्हते.