राजवाड्यांचा खरा वारसा

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निवर्तले. मागे ना संसार होता, ना संपत्ती; होती ती केवळ जुन्या कागदांची दप्तरे, टिपणे आणि अपुरे राहिलेले कोश. पुढच्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन केले. विद्वानाचे खरे स्मारक म्हणजे त्याच्या कागदांची राखण, हे खानदेशाने त्या वेळी ओळखले.

राजवाड्यांचा जन्म १८६३ सालचा, कुलाबा (आता रायगड) जिल्ह्यातील वरसईचा. पदवी घेऊन त्यांनी काही काळ पुण्यात अध्यापन केले; पण नोकरीत त्यांचे मन रमले नाही. तरुणपणीच पत्नीचा वियोग झाला. त्यांनी पुनर्विवाह केला नाही. जगातील उत्तमोत्तम ग्रंथ मराठीत यावेत म्हणून १८९४ मध्ये त्यांनी ‘भाषांतर’ मासिक काढले. इंग्रजी उत्तम येत असूनही आपले संशोधन त्यांनी मराठीतच लिहिले.

बखरींतील कालगणना विश्वासार्ह नाही आणि ग्रँट डफचा इतिहास अपुरा आहे, हे ध्यानी येताच त्यांनी अस्सल पत्रांचा शोध आरंभिला. गावोगाव हिंडावे, वाड्यांतील माळे धुंडाळावेत, वाळवीच्या तोंडून मोडी कागद सोडवावेत, हाच त्यांचा दिनक्रम झाला. १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे असे बावीस खंड झाले. पानिपताच्या पराभवाची मीमांसा भावनेवर नव्हे, पत्रव्यवहारावर उभी राहू लागली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यातही पुढाकार त्यांचाच.

राजवाड्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले, असे नाही. जातिविषयक त्यांच्या लेखनात पूर्वग्रह होते. कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी जे लिहिले, त्याचा प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ साली ‘कोदण्डाचा टणत्कार’ या पुस्तकातून खरपूस समाचार घेतला. वारकरी संतांविषयीची त्यांची मतेही अनेकांना अमान्य झाली. परंतु त्यांची मते खोडावयाची तरी अभ्यासकाला साधनांकडेच वळावे लागते. आणि साधनांचा हा आग्रह मराठी इतिहासलेखनात रुजविला तो प्रामुख्याने राजवाड्यांनीच. अनुमाने कालांतराने जुनी होतात, अस्सल कागद जुना झाला म्हणजे अधिकच मोलाचा होतो.

आज इतिहासावरून वाद पुष्कळ होतात. मोडी वाचणारे मात्र थोडे. घोषणा देणे सोपे, जीर्ण कागदापुढे महिनोन् महिने बसणे कठीण. खानदेशातील जुन्या घरांच्या माळ्यांवर अद्याप एखादे रुमाल बांधलेले दप्तर पडून असेल, तर ते रद्दीत जाऊ न देणे, शिक्षकांनी दोन-चार विद्यार्थ्यांना मोडीची गोडी लावणे, एवढे तरी साधण्यासारखे आहे. राजवाड्यांचे नाव घेणाऱ्यांनी त्यांच्या मतांचा नव्हे, त्यांच्या कष्टांचा वारसा पत्करावा. त्यांचे ऋण फेडण्याचा तोच मार्ग आहे.