बाबासाहेबांचा मधुमेह : तेव्हाची साधने आणि आजची

पैठणी घ्यायला तुम्ही येवल्याला गेला असाल, तर कदाचित मुक्तिभूमीही पाहिली असेल. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला. तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. तो निर्धार पूर्ण झाला २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात. नागपूरला आलेले बाबासाहेब मात्र थकलेले होते, त्यांना चालताना आधार लागत होता.

या मधल्या वर्षांत त्यांच्या सोबत एक आजार होता, जो आज तुमच्या-आमच्या घराघरात आहे : मधुमेह. त्यांच्या आजारपणाकडे पाहिले, की गेल्या सत्तर वर्षांत उपचार किती बदलले हे नीट समजते. हा बदल औषधांइतकाच जैवअभियांत्रिकीमुळे, म्हणजे शरीरशास्त्र आणि यंत्रशास्त्र यांच्या एकत्र कामामुळे झाला आहे.

काम वाढत गेले, शरीर थकत गेले

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला. लंडनमध्ये अपुऱ्या जेवणावर दिवसभर ग्रंथालयात बसून त्यांनी अभ्यास केला. मग महाडचा सत्याग्रह १९२७ मध्ये, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह १९३० मध्ये आणि त्यानंतर येवला. सभा, प्रवास, लेखन आणि रात्रीचे वाचन यात विश्रांतीला जागा नव्हती.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी राज्यघटनेच्या मसुदा समितीची स्थापना झाली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. याच काळात त्यांची प्रकृती ढासळली. मधुमेह, पायांत असह्य वेदना, रात्री झोप नाही. उपचारांसाठी ते मुंबईला डॉ. माधवराव मालवणकरांकडे येत. मुंबईतच त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली. १५ एप्रिल १९४८ रोजी दोघांचा विवाह झाला आणि त्या सविता आंबेडकर झाल्या. इन्सुलिन, पथ्य, जेवणाच्या वेळा हे सगळे त्या पाहू लागल्या. घरात मधुमेहाचा रुग्ण असेल, तर हे काम किती मोठे असते हे तुम्हाला सांगायला नको.

त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले. त्या चर्चांना उत्तरे देणारा माणूस पायांच्या दुखण्याने हैराण होता, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

तेव्हा साखर कशी तपासत?

तेव्हा घरी किंवा दवाखान्यात सोपी तपासणी एकच होती, लघवीची. बेनेडिक्ट द्रावण नावाच्या निळ्या पाण्यात लघवीचे काही थेंब टाकून ते उकळायचे. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटेसारखा लाल झाला, तर साखर वाढत्या प्रमाणात आहे.

यात दोन मोठ्या अडचणी होत्या. रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. शिवाय साखर धोकादायकरीत्या कमी झाली, तर ही तपासणी काहीच सांगत नाही. रक्ताच्या तपासणीसाठी शिरेतून रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवावे लागे. म्हणजे इन्सुलिन घेणारा रुग्ण, मग तो देशाचा कायदामंत्री का असेना, जवळजवळ अंदाजानेच डोस घेत असे.

इन्सुलिन : जनावरांपासून जिवाणूंपर्यंत

१९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले. पुढची सुमारे साठ वर्षे ते गायी-बैल आणि डुकरांच्या स्वादुपिंडातूनच मिळत होते. काहींना त्याची अ‍ॅलर्जी होई, टोचल्या जागी खड्डे पडत. काचेची सिरिंज आणि जाड सुई रोज उकळून वापरावी लागे.

१९७८ मध्ये शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनची जनुके जिवाणूत बसवली आणि जिवाणू इन्सुलिन तयार करू लागले. १९८२ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झाले. आज तुम्ही जे मानवी इन्सुलिन घेता, ते जनावरांपासून नव्हे, तर अशा जिवाणूंपासून किंवा यीस्टपासून बनते. केसासारख्या बारीक सुईचे पेन हीदेखील अभियांत्रिकीचीच देणगी.

एका थेंबात उत्तर

१९६२ मध्ये लेलँड क्लार्क यांनी साखरेवर काम करणारे एक एन्झाइम विद्युत-इलेक्ट्रोडवर बसवण्याची कल्पना मांडली. तुमच्या घरातील ग्लुकोमीटरची पट्टी त्याच तत्त्वावर चालते. रक्तातील साखर एन्झाइमला भेटते, त्यातून बारीक विद्युतप्रवाह तयार होतो आणि यंत्र तो मोजून आकडा दाखवते.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे सीजीएम. दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवतात. तिचा बारीक तंतू त्वचेखालच्या द्रवातील साखर दिवसरात्र मोजतो. रात्री झोपेत साखर खाली जाते का, भाकरीनंतर किती वाढते, भातानंतर किती, हे आलेखावर दिसते. मात्र हा आकडा रक्ताच्या आकड्यापेक्षा काही मिनिटे मागे असतो. घाम, थरथर, घाबरल्यासारखे वाटणे अशी लक्षणे असतील आणि यंत्र साखर ठीक दाखवत असेल, तर बोट टोचून खात्री करा.

पाय आणि डोळे

वाढलेली साखर वर्षानुवर्षे नसांना इजा करते. पायांत आग, मुंग्या, वेदना होतात आणि रात्री त्रास वाढतो. काहींचे पाय उलट बधिर होतात आणि जखम कळतच नाही. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळपायाला लावून डॉक्टर आता काही मिनिटांत संवेदना तपासतात. बायोथेसिओमीटर हे यंत्र कंपनाची जाणीव मोजते.

बाबासाहेबांची नजरही शेवटच्या वर्षांत अधू झाली होती. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या खराब होतात आणि सुरुवातीला रुग्णाला काहीच जाणवत नाही. आज पडद्याचा फोटो काढून हा बदल आधीच दिसतो आणि लेसर किंवा इंजेक्शनने नजर वाचवता येते. हातमागावर बारीक जर विणणाऱ्या येवल्याच्या विणकराला नजरेची किंमत वेगळी सांगायला नको.

तुम्ही काय कराल?

• चाळिशीनंतर, किंवा घरात कोणाला मधुमेह असेल तर त्याआधीही, साखर तपासून घ्या.
• मधुमेह असेल तर एचबीएवनसी ही मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करा.
• वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, पायांची संवेदना आणि मूत्रपिंड तपासा.
• रोज रात्री तळपाय पाहा. वाकता येत नसेल तर आरसा वापरा किंवा घरच्यांना पाहायला सांगा.
• साखर ७० च्या खाली गेली, तर लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालयात न्या.
• इन्सुलिनचा डोस स्वतःच्या मनाने बदलू किंवा बंद करू नका.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत झोपेतच बाबासाहेबांचे निधन झाले. ते ६५ वर्षांचे होते. बुद्धावरचा त्यांचा ग्रंथ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. ही साधने तेव्हा असती तर काय झाले असते, असे हिशेब मांडण्यात अर्थ नाही. पण देशातील उत्तम डॉक्टर हाताशी असूनही त्यांना जे मिळू शकत नव्हते, त्यातील ग्लुकोमीटर आणि तो नायलॉनचा धागा आज तालुक्याच्या दवाखान्यातही असू शकतो. पुढच्या भेटीत चप्पल काढून तुमचे पाय डॉक्टरांना दाखवा. सुरुवात तिथूनच करा.

ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या उपचारांबाबतचा निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.