ओटो लोवी

आपण गाढ झोपलो तरी हृदय चालूच असते. त्याची गती कमीअधिक करण्याचे काम स्वायत्त मज्जासंस्था आपल्या नकळत करीत असते. परंतु मज्जातंतूंचा निरोप हृदयाला पोहोचतो कसा? १८७३ साली जर्मनीत जन्मलेले व ऑस्ट्रियातील ग्राझ येथे प्राध्यापक असलेले ओटो लोवी ह्यांना ह्या कोड्याचा उलगडा एके रात्री झोपेत झाला. त्यांनी अर्धवट झोपेतच टिपण केले. सकाळी स्वतःचे अक्षर स्वतःलाच लागेना! दुसऱ्या रात्री तीच कल्पना पुन्हा सुचली, तेव्हा मात्र ते तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या धडधडत्या हृदयात द्रावण भरून त्यांनी त्याच्या व्हेगस मज्जातंतूला विजेचा हलका धक्का दिला. ठोके मंदावले. तेच द्रावण मज्जातंतू काढून टाकलेल्या दुसऱ्या हृदयात घालताच तेही मंदावले. निरोप नेणारे ते रसायनच होते! हा शोध १९२१ साली प्रसिद्ध झाला आणि १९३६ साली हेन्री डेल ह्यांच्यासमवेत लोवींना नोबेल पारितोषिक मिळाले.

लोवी ज्यू होते. १९३८ साली नाझींनी त्यांना तुरुंगात टाकले. मरण समोर दिसत असता त्यांनी पहारेकऱ्याकडून एक पोस्टकार्ड मिळविले व आपला ताजा निष्कर्ष त्यावर लिहून नियतकालिकाकडे धाडला. पारितोषिकाची रक्कम हिरावून घेतल्यावरच नाझींनी त्यांना देश सोडू दिला. १९४० साली ते न्यूयॉर्कला गेले आणि तेथील विद्यापीठात पुन्हा संशोधनाला लागले. १९६१ साली तेथेच त्यांचे निधन झाले.