अच्युत कानविंदे

अच्युत पुरुषोत्तम कानविंदे (९ फेब्रुवारी, १९१६ – २८ डिसेंबर, २००२) हे भारतातील आधुनिक वास्तुकलेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक वास्तुविशारद होते. स्वातंत्र्योत्तर काळातील अनेक प्रयोगशाळा व विद्यापीठांचे आराखडे त्यांनी केले.

जन्म व शिक्षण

कानविंद्यांचा जन्म कोकणातील आचरे या गावी झाला. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. १९८१पर्यंत ते विजयदुर्ग, मालवण या बंदरांप्रमाणेच रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. त्यांचे वडील कलाशिक्षक होते. मुंबईच्या सर जे.जे. कलाशाळेत त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले. तेथे क्लॉड बॅटली हे प्राध्यापक भारतीय परंपरेच्या अभ्यासावर भर देत. पुढे ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत रुजू झाले आणि १९४५ मध्ये शासनाच्या वतीने हार्वर्ड विद्यापीठात गेले. तेथे त्यांना बाउहाउसचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस हे गुरू लाभले. इमारतीचे रूप तिच्या उपयोगातून ठरावे, अलंकरणातून नव्हे, ही दृष्टी घेऊन ते १९४७ मध्ये परतले.

कारकीर्द

परिषदेचे मुख्य वास्तुविशारद म्हणून त्यांनी प्रयोगशाळांच्या उभारणीचे काम केले. अहमदाबाद येथील ‘अटिरा’ ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था व भौतिकी संशोधन प्रयोगशाळा या त्यांच्या आरंभीच्या इमारतींवर ग्रोपियसचा ठसा स्पष्ट दिसतो. १९५५ मध्ये त्यांनी शौकत राय यांच्यासमवेत दिल्लीत ‘कानविंदे आणि राय’ ही व्यवसायसंस्था स्थापन केली.

त्या काळी सरकारी इमारतींना घुमट व छत्र्या चढवून भारतीयत्व दाखविण्याचा प्रघात होता. बंगळूरचे विधानसौध हे त्याचे ठळक उदाहरण. भारतीय वास्तुकला कोणती, या प्रश्नावर ललित कला अकादमीने १९५९ मध्ये दिल्लीत भरविलेल्या परिसंवादाचे कानविंदे संयोजक होते. या प्रश्नाचे त्यांचे उत्तर मात्र त्यांच्या इमारतींतच अधिक नीट वाचता येते.

कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे संकुल हे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम मानले जाते. उघड्या काँक्रीटचा सांगाडा व विटांच्या भिंती ही त्याची बांधणी. ग्रंथालय, व्याख्यानगृहे व विभाग छायेच्या, काही ठिकाणी उंचावरील, मार्गांनी जोडलेले असून वाहने या गाभ्याबाहेर ठेवली आहेत. उत्तर भारतातील उन्हाळ्यात विद्यार्थ्याला सावलीतून चालत जाता यावे, हा विचार येथे शैलीच्या वादापेक्षा वरचढ ठरला. हार्वर्डचा धडा त्यांनी टाकला नाही. ‘उपयोग’ या शब्दात हवामान आणि माणसाची चाल यांनाही स्थान दिले.

मेहसाणा येथील दूधसागर डेअरीत (१९७०–७३) हीच दृष्टी कारखान्याला लागू झाली. यंत्रसामग्री निरनिराळ्या पातळ्यांवर ठेवून दुधाच्या वहनासाठी गुरुत्वाकर्षणाचा उपयोग केला गेला, आणि उष्ण, दमट हवा बाहेर टाकणारे उंच झरोके हेच इमारतीचे शिल्परूप बनले. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत इमारती खडकाळ उताराच्या कलाने, चौकांभोवती मांडलेल्या आहेत. मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र आणि दिल्लीचे इस्कॉन मंदिर याही त्यांच्याच रचना. मंदिरातील शिखरे पाहता परंपरेशी त्यांचे वैर नव्हते, हे लक्षात येते.

जेम्स मिलर यांच्यासह लिहिलेला त्यांचा विद्यापीठ-संकुलांच्या रचनेवरील इंग्रजी ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने सन्मानित केले, तर भारतीय वास्तुविशारद संस्थेचे बाबूराव म्हात्रे सुवर्णपदक त्यांना १९८५ मध्ये मिळाले.