हरणाऱ्यांना पहिला मान देणारा माणूस

अमेरिकेत दरवर्षी एप्रिल महिना आला, की फुटबॉलचा एक वेगळाच हंगाम सुरू होतो. मैदानावर तेव्हा चिटपाखरूही नसते, कारण खरे सामने सप्टेंबरमध्ये व्हायचे असतात. हा हंगाम असतो तो वादविवादाचा. ‘नॅशनल फुटबॉल लीग’मधील संघ महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या नवोदित खेळाडूंची निवड करतात. या निवडीला तेथे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि फेकण्याचा हा अमेरिकी फुटबॉल आपल्याकडे फारसा परिचित नाही, आणि ही निवडही आपल्या ओळखीच्या लिलावासारखी नाही. येथे बोली लागत नाही. गेल्या हंगामात सर्वांत खाली राहिलेल्या संघाला पहिला मान मिळतो आणि विजेता संघ सर्वांत शेवटी येतो. निवड जाहीर झाली, की चाहत्यांची मते उसळून येतात. कोणता पोरगा नाव काढील, कोणाचा गुडघा दोन वर्षांत जवाब देईल, व्यवस्थापनाने कोणाला हातचा घालवला, यावर उपाहारगृहांत, कचेऱ्यांत आणि आकाशवाणीच्या कार्यक्रमांत आठवडेच्या आठवडे चर्चा झडतात.

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, या म्हणीवर या चाहत्यांची अढळ श्रद्धा असते. तिने त्यांना कितीदा तोंडघशी पाडले, याचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये झालेल्या निवडीला फिलाडेल्फियाचे चाहते खास बस करून गेले होते. त्यांना रिकी विल्यम्स हा धावपटू हवा होता. ‘ईगल्स’ संघाने डोनोव्हन मॅकनॅब या क्वार्टरबॅकचे नाव पुकारले आणि चाहत्यांनी आपल्याच नव्या खेळाडूची भर सभागृहात हुर्यो उडवली. पुढे याच मॅकनॅबने संघाला पाच वेळा परिषदेच्या अंतिम सामन्यापर्यंत आणि २००५ मध्ये ‘सुपर बोल’पर्यंत नेले.

ज्या गृहस्थाने हा सगळा खेळ मांडला तो फिलाडेल्फियाचाच, आणि ‘ईगल्स’चा संस्थापकही. त्याचे नाव बर्ट बेल. नवख्या खेळाडूंवर आशा लावून बसणे काय असते आणि ती आशा फसली म्हणजे काय होते, हे या माणसाने इतर कोणाहीपेक्षा अधिक सोसले होते.

बेल यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९५ रोजी फिलाडेल्फियातील एका मातब्बर घराण्यात झाला. डी बेनेव्हिल बेल हे त्यांचे मूळ नाव. वडील पेनसिल्व्हेनिया राज्याचे महाधिवक्ता होते, आणि बंधू पुढे १९४७ साली अवघ्या १९ दिवसांसाठी का होईना, राज्याचे गव्हर्नर झाले. अशा घरातील मुलाने वकिली करावी, राजकारणात शिरावे, ही अपेक्षा स्वाभाविक होती. बर्टचे चित्त मात्र फुटबॉलमध्ये गुंतले होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संघात ते क्वार्टरबॅक म्हणून खेळले आणि १ जानेवारी १९१७ रोजी ‘रोझ बोल’ सामन्यात ओरेगनविरुद्ध उतरले. तो सामना त्यांचा संघ १४-० असा हरला. मोठ्या सामन्यातील पराभवाची ही त्यांची पहिली ओळख. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील लष्करी रुग्णालयाच्या पथकात सेवा करून ते परतले आणि विद्यापीठाच्याच संघाचे सहायक प्रशिक्षक झाले.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील बेल म्हणजे श्रीमंताघरचा उधळा तरुण. घोड्यांच्या शर्यती, जुगार, मद्य यांत पैसा वाहत होता. १९२९ साली शेअर बाजार कोसळला, तेव्हा त्यांचीही मोठी रक्कम बुडाली. त्यांना सावरले ते फ्रान्सिस अप्टन या ब्रॉडवेवरील नामवंत अभिनेत्रीने. दारू सोडल्याशिवाय लग्न नाही, अशी तिची अट होती. बेल यांनी दारू सोडली ती कायमची. १९३४ साली त्यांचा विवाह झाला. त्याआधीच, १९३३ मध्ये, तिच्याकडून उसने घेतलेल्या पैशाच्या आधाराने त्यांनी ल्यूड रे या मित्रासह फिलाडेल्फियासाठी व्यावसायिक संघाचा हक्क मिळवला होता. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आर्थिक पुनरुज्जीवन योजनेचे बोधचिन्ह निळा गरुड होते. त्यावरून संघाचे नाव ‘ईगल्स’ असे ठेवले गेले.

गरुडाला पंख मात्र फुटले नव्हते. न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धचा पहिलाच सामना संघाने ५६-० असा गमावला. महामंदीचे ते दिवस. प्रेक्षक नव्हते आणि पैसाही नव्हता. मालक असलेले बेल स्वतः तिकिटे विकत फिरत. व्यावसायिक फुटबॉलला तेव्हा प्रतिष्ठाही नव्हती. लोक गर्दी करीत ती महाविद्यालयीन सामन्यांना. त्यातच नवा खेळाडू कोणत्याही संघाशी करार करण्यास मोकळा असल्यामुळे जो चांगला असेल तो शिकागो बेअर्स किंवा न्यूयॉर्क जायंट्सकडे जाई. तेथे पैसा होता, नाव होते आणि विजयही होते. जिंकणारे जिंकत राहत आणि हरणारे अधिकाधिक गाळात जात. मिनेसोटाच्या स्टॅन कोस्का या दणकट खेळाडूसाठी बेल यांनी बराच आटापिटा केला, पण ब्रुकलिनच्या संघाने त्याला पटकावले. ही बोलीची शर्यत आपण कधीच जिंकू शकणार नाही, हे तेव्हा त्यांना पुरते कळून चुकले.

१९ मे १९३५ रोजी संघमालकांच्या बैठकीत त्यांनी आपला प्रस्ताव मांडला. महाविद्यालय सोडणाऱ्या खेळाडूंची एकच यादी करावी, संघांनी आळीपाळीने नावे निवडावीत आणि सर्वांत शेवटच्या संघाला पहिली संधी द्यावी. सर्वांत दुबळी कडी तुटली, की सगळी साखळीच निकामी होते, हे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. आश्चर्य असे, की ज्यांचे त्यात उघड नुकसान होते ते बेअर्सचे जॉर्ज हॅलस आणि जायंट्सचे टिम मारा यांनीही मान्यता दिली आणि प्रस्ताव एकमताने संमत झाला. त्यांचा दूरदर्शीपणा वाखाणला जातो आणि तो योग्यच आहे. पण नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एका खेळाडूमागे एकच संघ उरला, की बोली संपते आणि पगार आटोक्यात राहतो. संघांमधील विषमता दूर झाली ती नवख्या खेळाडूच्या स्वातंत्र्याची किंमत देऊन, आणि त्या बैठकीत त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. पुढे १९७६ साली एका माजी खेळाडूच्या दाव्यात त्या वेळच्या स्वरूपातील ही निवडपद्धत न्यायालयाने बेकायदा ठरवली. त्यानंतर ती टिकली ती खेळाडूंच्या संघटनेबरोबर झालेल्या करारांच्या आधारावर.

पहिली निवड ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाली. तरुणपणी बेल यांनी याच हॉटेलात काम केले होते. फळ्यावर ९० नावे लिहिलेली होती. नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत त्यांतील ८१ जणांना निवडले. चाहते नव्हते, छायाचित्रकारांची गर्दी नव्हती. खेळाडूंची पारख करणारी यंत्रणा कोणाकडेच नव्हती. वर्तमानपत्रांतील वर्णने, ऐकीव माहिती आणि अंदाज एवढ्यावरच सगळे चालले. शिकागो बेअर्सने शेवटच्या फेरीत निवडलेला डॅन फोर्टमन पुढे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेला आणि डॉक्टरही झाला.

मागील हंगामात तळाला राहिल्यामुळे पहिला मान ‘ईगल्स’ला मिळाला. बेल यांनी शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वांगर याचे नाव घेतले. पुढे ‘हाइझमन’ नावाने विख्यात झालेल्या करंडकाचा तो पहिला मानकरी. हा करंडक त्याच्या मावशीच्या घरी बरीच वर्षे दार उघडे ठेवण्यासाठी वापरला जात होता, हे त्या काळाचे चित्र पुरेसे स्पष्ट करते. बर्वांगरची अपेक्षा पेलण्याजोगी नाही, हे बेल यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी त्याचे हक्क बेअर्सला देऊन टाकले. हॅलस यांच्याशीही त्याचे जमले नाही. व्यावसायिक फुटबॉलच्या तुटपुंज्या मिळकतीपेक्षा त्याने रबराच्या कंपनीतील नोकरी पसंत केली आणि लीगच्या इतिहासातील हा पहिला निवडक खेळाडू तिथला एकही सामना खेळला नाही. इतकेच नव्हे, तर त्या वर्षी निवडलेल्या नऊ जणांपैकी एकालाही बेल करारबद्ध करू शकले नाहीत.

१९३६ च्या हंगामात ‘ईगल्स’ने बारापैकी अकरा सामने गमावले. संघ लिलावात निघाला आणि बेल यांनीच तो ४,५०० डॉलरला घेतला. प्रशिक्षकही तेच झाले. त्यात बचतीचा भाग मोठा होता. पुढच्या निवडीतही पहिला मान त्यांचाच होता. त्यांनी नेब्रास्काचा सॅम फ्रान्सिस निवडला आणि बिल ह्युइटच्या बदल्यात त्याचेही हक्क बेअर्सकडे सोपवले. सहाव्या क्रमांकावर वॉशिंग्टनला मिळाला सॅमी बॉ. त्याने पहिल्याच हंगामात संघाला विजेतेपद मिळवून दिले आणि चेंडू फेकण्याच्या कलेचे रूपच पालटले. दैव देते आणि कर्म नेते, ते असे.

१९३९ साली डेव्ही ओब्रायन हा जेमतेम पाच फूट सात इंच उंचीचा क्वार्टरबॅक ‘ईगल्स’मध्ये आला. एवढ्याशा पोराला हे धिप्पाड गडी चिरडून टाकतील, अशी शंका घेणाऱ्यांना त्याने पहिल्याच वर्षी १,३२४ यार्डांचा विक्रम करून उत्तर दिले. पण दोनच हंगामांनंतर तो फुटबॉल सोडून एफबीआयमध्ये दाखल झाला. या माणसाच्या नशिबी चांगला खेळाडू लाभणे आणि टिकणे एकत्र लिहिलेलेच नव्हते. पाच हंगामांत बेल यांच्या ‘ईगल्स’ने फक्त दहा सामने जिंकले. अखेर आर्ट रूनी यांच्याशी झालेल्या गुंतागुंतीच्या व्यवहारात ते पिट्सबर्गच्या संघाकडे गेले. १९४१ मध्ये तेथील पहिले दोन सामने हरल्यावर त्यांनी प्रशिक्षकपद सोडले.

प्रशिक्षक म्हणून इतका अपयशी ठरलेला माणूस जानेवारी १९४६ मध्ये लीगचा आयुक्त झाला आणि तेथे मात्र त्याने सोने केले. त्याच वर्षी अंतिम सामन्याच्या तोंडावर जुगाऱ्यांनी दोन खेळाडूंना लाच देऊ केल्याचे उघड झाले. एकेकाळी स्वतः जुगारात पैसे उधळलेल्या बेल यांनी त्या प्रकरणात जराही हयगय केली नाही. प्रतिस्पर्धी ‘ऑल-अमेरिका कॉन्फरन्स’शी चाललेले खर्चिक युद्ध त्यांनी डिसेंबर १९४९ मध्ये संपवले. दूरचित्रवाणीवर सामने दाखवावेत, पण ज्या गावात सामना असेल तेथे नाही, हा त्यांचाच दंडक. त्यामुळे मैदाने ओस पडली नाहीत. घरच्या जेवणाच्या टेबलावर डोमिनोच्या सोंगट्या मांडून ते हंगामाचे वेळापत्रक आखत. सुरुवातीला दुबळ्यांची गाठ दुबळ्यांशी पडेल, असे ते पाहत. हेतू हा, की निदान काही आठवडे तरी प्रत्येक गावाला आपला संघ शर्यतीत आहे असे वाटावे.

निवडीच्या पद्धतीतही १९४७ पासून एक फेरफार झाला. पहिले नाव चिठ्ठी टाकून ठरू लागले आणि हे १९५८ पर्यंत चालले. १९४९ साली चिठ्ठी निघाली ती नेमकी आदल्या वर्षीच्या विजेत्या ‘ईगल्स’ची. बेल तेथून गेल्यानंतर संघ खऱ्या अर्थाने बहरला होता. १९४४ च्या निवडीत मिळालेल्या स्टीव्ह व्हॅन ब्यूरनच्या बळावर त्याने १९४८ आणि १९४९ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे पटकावली. चिठ्ठीने त्याला चक बेडनॅरिक मिळाला, तोही बेल यांच्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा. चौदा हंगाम तो ‘ईगल्स’कडूनच खेळला. पोरगा निवडावा कसा, याचे याहून उत्तम उदाहरण त्या गावाला दाखवता येणार नाही, आणि ते घडले चिठ्ठीमुळे.

१९५७ साली बेल यांनी खेळाडूंच्या संघटनेला मान्यता दिली. अनेक मालकांना ते रुचले नाही. ज्या योजनेने खेळाडूची बाजारातील मोकळीक काढून घेतली, तिच्याच जनकाने त्याला संघटितपणे बोलण्याचा हक्क मान्य केला, याची नोंद इतिहासात क्वचितच घेतली जाते.

११ ऑक्टोबर १९५९ हा रविवार. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन फील्डवर सामना होता ‘ईगल्स’ आणि पिट्सबर्ग ‘स्टीलर्स’ यांचा. दोन्ही संघ एकेकाळचे त्यांचेच, आणि मैदानही तेच, जेथे विद्यार्थिदशेत ते खेळले होते. मानाच्या कक्षात न बसता बेल नेहमीप्रमाणे गोलरेषेमागच्या बाजूला सामान्य प्रेक्षकांत बसले होते. शेवटची काही मिनिटे उरली असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच त्यांचे निधन झाले. ते ६४ वर्षांचे होते. १९६३ साली ‘हॉल ऑफ फेम’ सुरू झाले, तेव्हा पहिल्याच तुकडीत त्यांचे नाव होते. २०१७ मध्ये निवडीचा सोहळा अनेक दशकांनंतर फिलाडेल्फियात भरला. जे काम एकेकाळी हॉटेलच्या एका खोलीत उरकले होते, ते पाहायला तीन दिवसांत लाखोंची गर्दी लोटली आणि प्रत्येक नावावर वाद घालत रात्री उशिरा घरी परतली.